वरच्या बाईंचा सिनेमा

बाईंना सिनेमात जायचं होतं. हे त्यांनी घरात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वडील दाढी करत होते. आरशातूनच लेकीकडे बघत ते म्हणाले, "जा की. किती वाजताचा आहे?" सिनेमात जायचं म्हणजे तिकीट काढून आत बसायचं, यापलीकडे आणखी काही असू शकतं हे त्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. "बघायला नाही, करायला," असं बाईंनी सांगितल्यावर वडिलांच्या गालाला ब्लेड लागलं. पुढे जन्मभर ते तो वण पाहुण्यांना दाखवत आले. लेकीने नाव काढलं की नाही याबद्दल त्यांना शंका होती, पण तिने रक्त काढलं होतं हे नक्की.

खरी सुरुवात झाली ती एका कपापासून. वस्तीच्या टोकाला एक स्टुडिओ होता, तिथे टीव्हीच्या मालिका बनायच्या. बाई तिथे कंटिन्युइटीला लागल्या. हे काम म्हणजे नुसतं लक्षात ठेवण्याचं. नायिका दारातून आत आली तेव्हा कप डाव्या हातात असेल, तर दोन तासांनी तोच प्रसंग जवळून घेताना कप डाव्याच हातात हवा, आणि त्यात चहाही तेवढाच हवा. कुणाची बट कपाळावर होती, कुणाच्या शर्टाचं कितवं बटण उघडं होतं, वारलेले काका कुठल्या भिंतीवर टांगले होते, सगळं बाईंच्या डोक्यात. याचा पहिला फटका नवऱ्याला बसला. तो किल्ल्या शोधायला लागला की बाई मान वर न करता सांगायच्या, "आत आलास तेव्हा उजव्या हातात होत्या. मग फोन घेतलास. मग फ्रिज उघडलास." किल्ल्या फ्रिजमध्ये सापडायच्या. अशा बायकोशी खोटं बोलण्याच्या भानगडीत तो गरीब माणूस कधी पडला नाही.

दिग्दर्शकाची खुर्ची मात्र एका अक्कलदाढेने दिली. मालिकेचे दिग्दर्शक दाढ काढून दुसऱ्या दिवशी कामावर आले, तर एक गाल भोपळ्यासारखा. तोंडातून शब्द फुटेना. मग असं ठरलं की त्यांनी खुणा करायच्या आणि बाईंनी त्या माइकवरून बोलून दाखवायच्या. सकाळी सगळं तसंच चाललं. दुपारपर्यंत खुणा कमी झाल्या आणि बोलणं वाढलं. जेवणानंतर दिग्दर्शक खुर्चीतच घोरायला लागले, आणि त्या दिवसाचं काम पहिल्यांदाच उजेड असताना संपलं. ही बातमी निर्माते साहेबांच्या कानावर गेली. साहेब हिशेबी माणूस. त्यांनी दिग्दर्शकांना भरपूर विश्रांती घ्यायला सांगितली, ती आजतागायत चालू आहे.

तर बाई अशा वर गेल्या. वर म्हणजे अक्षरशः वर. मालिकेत तीन कॅमेरे एकदम चालतात, आणि दिग्दर्शक बसतो वरच्या मजल्यावर एका बंद खोलीत, पडद्यांच्या भिंतीसमोर. खोली इतकी गार की बाई बारा महिने स्वेटर घालून बसायच्या. समोर माइक, माइकला बटण. अंगठ्याने बटण दाबून बोललं की खाली चित्रीकरणाच्या फ्लोअरच्या छतातल्या भोंग्यातून आवाज. मोठ्याने बोललं की भोंगा अशी शिट्टी मारायचा की खालची माणसं कान धरून खाली बसायची. म्हणून बाई हळू बोलायला शिकल्या. वर्षांमागून वर्षं गेली आणि त्यांचा आवाज इतका खाली आला की घरी पोळ्या लाटताना लाटण्यावर अंगठा दाबून त्या "जेवायला या" म्हणायच्या आणि कुणीही यायचं नाही. मग त्या रागवायच्या. सासूबाई म्हणायच्या, "ही पुटपुटते आणि वर आम्हालाच बहिरं ठरवते."

स्टुडिओत त्यांना सगळे 'वरच्या बाई' म्हणत. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, चेहरा फारसा कुणाला माहीत नाही. एकदा एका नव्या नटाने चहाच्या टपरीवर शेजारी उभ्या असलेल्या स्वेटरवाल्या बाईकडे मन मोकळं केलं. "ती वरची बाई भयंकर खवट आहे हो. दिसत नाही, पण सतत टोचत असते."

"खरंय," बाई म्हणाल्या. "मलाही तिचा फार त्रास होतो."

थोड्या वेळाने तो नट नायिकेचे हात हातात घेऊन उभा राहिला, तेव्हा छतातून आवाज आला, "चहा झाला असेल तर अर्धं पाऊल डावीकडे सरका." नट डावीकडे सरकला तो थेट नायिकेच्या पायावर.

घरी सासूबाईंचा वेगळाच खटला. मालिका त्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत आणि तिच्यात जे काही व्हायचं त्याला सुनेला जबाबदार धरायच्या. एकदा मालिकेतल्या धाकट्या सुनेला कुणीतरी जिन्यावरून ढकललं. त्या दिवशी बाई घरी आल्या, तर घरात सुतकी शांतता.

"काय वाईट केलं होतं त्या पोरीने तुझं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, मी नाही ढकललं. लेखकाने लिहिलं."

"तू तिथे होतीस ना?"

"होते."

"मग अडवलं का नाहीस?"

गंमत अशी की हा प्रश्न बाईंच्या मनात घर करून बसला. खरंच, आपण का अडवलं नाही? कोण मरणार, कोण जिवंत होऊन परत येणार, कुणाचं लग्न मोडणार, हे वाहिनीच्या ऑफिसात ठरायचं. सकाळी कागद यायचे. संध्याकाळी संकलक त्याला सांगितलेलं होतं तसं कापायचा, प्रत्येक चेहरा तीनदा, धडाम धडाम धडाम. ठरलेलं ठरल्यासारखं उरकायचं, एवढंच बाईंचं काम. आणि त्या ते इतकं चोख उरकायच्या की साहेब त्यांना सोन्याचं अंडं देणारी कोंबडी समजायचे. कोंबडीला कोण विचारतं, की बाई गं, तुला काय बनवायचं होतं? पण बाईंना एक सिनेमा बनवायचा होता. स्वतःचा. त्याहून आतली गोष्ट म्हणजे त्यांना भीती वाटायची. इतकी वर्षं उरकून उरकून आपल्यात दिग्दर्शक म्हणावं असं काही शिल्लक आहे का, की नुसताच उरक आहे? हे त्या नवऱ्यालाही कधी बोलल्या नाहीत.

मग मालिकेतलं घर श्रीमंत झालं. प्रेक्षक वाढावेत म्हणून वाहिनीने कुटुंबाला रातोरात बंगल्यात हलवलं. जुन्या घराचा सेट रिकामा पडला. तो तोडून तिथे बंगला उभा राहणार होता, पण सुतार दुसरीकडे अडकले होते. बाई स्वेटर काढून खाली साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. सेट तुटेपर्यंत तो मला द्या, त्यात मी एक छोटा सिनेमा करते.

साहेबांनी गोष्ट विचारली. गोष्ट साधीच होती. एक म्हातारी आहे. घर विकलंय. मुलं, सुना, नातवंडं एकेक करून सामान घेऊन नव्या घरी जातात. तिला न्यायला गाडी परत येणार आहे. ती रिकाम्या स्वयंपाकघरात बसून राहते.

"मग?" साहेब म्हणाले.

"मग संपतो."

साहेबांनी छताकडे बघितलं. छतातून मदत येण्याचा प्रश्न नव्हता, कारण छतातून बोलणारी समोरच बसली होती. "बाई, पब्लिकला रडवा," ते शेवटी म्हणाले. "विचारबिचार करायला लावू नका, त्याला वेळ लागतो. म्हातारीच्या कामाला माईंना घ्या. आणि सुतार आले की सेट तुटणार. तोवर झाला तर झाला, नाही तर आपण बोललोच नाही असं समजा."

माई म्हणजे पडद्यावरची ठरलेली आई. डझनावारी नायकांना त्यांनी जन्म दिला होता, त्यातले दोन त्यांच्याहून वयाने मोठे होते. रडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. शॉट लावून झाला की माई शांतपणे विचारायच्या, "डावा की उजवा?" आणि कॅमेरा ज्या बाजूला असेल त्याच डोळ्यातून नेमका एक थेंब काढायच्या. दुसरा डोळा कोरडा ठक्क. शिवाय थेंब काढून झाला की चेहरा धरून ठेवायच्या, कारण मालिकेत त्यावर तीनदा धडाम व्हायचं असतं. 'कट' ऐकू येईपर्यंत माईंची पापणी लवायची नाही. भूकंप झाला असता तरी त्यांनी आधी 'कट'ची वाट बघितली असती.

सिनेमाचा पहिला दिवस उजाडला. एकच कॅमेरा, आणि बाई त्याच्या शेजारी उभ्या. आजवर वर असताना त्यांच्याकडे कुणी बघायचं नाही, इथे तीस-चाळीस डोळे त्यांच्यावर रोखलेले. कॅमेरावाले दादा, मितभाषी, पिकल्या मिशांचे, त्यांनी फक्त विचारलं, "बाई, कुठे लावू?"

आता आली पंचाईत. मालिकेत तीन कॅमेऱ्यांच्या जागा वर्षानुवर्षं ठरलेल्या. जमिनीवर चिकटपट्ट्या होत्या. हा एक कॅमेरा मात्र कुठेही ठेवता येत होता. खिडकीत, दारात, माळ्यावर, कुठेही. बाईंनी सगळीकडे बघितलं.

"आधी जरा चहा घेऊ," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी युनिटचा पाच वेळा चहा झाला. शेवटी दादांनीच जुन्या चिकटपट्टीवर कॅमेरा ठेवला आणि बाईंनी मान डोलावली. संध्याकाळी चित्रित केलेलं बघितलं, तर पहिले पाढे पंचावन्न. सगळी नातवंडं, मुलं, सुना एका ओळीत कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी, शाळेच्या फोटोतल्यासारखी, आणि प्रत्येक जण आपलं वाक्य संपलं की चेहरा धरून थांबलेला. हुबेहूब मालिका, फक्त धडाम नव्हतं. बाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. सासूबाईंनी विचारलं, "आज कुणाला मारलंस?" बाई म्हणाल्या, "स्वतःला," आणि ताट सारून उठल्या.

पुढे थोडं सुधारलं. कॅमेरा चिकटपट्टीवरून हलला. दारात गेला, एकदा तर चक्क ओट्याखाली गेला. पण ज्या एका क्षणासाठी सिनेमा करायला घेतला होता, तो काही हाती लागेना. माई छान रडत होत्या. तेच तर दुखणं होतं. इतकं छान रडणं बघून मनात 'वा' यायचं, 'अरेरे' यायचं नाही. "माई, थोडं कमी," बाई म्हणायच्या. "अर्धा थेंब?" माई विचारायच्या, आणि खरंच अर्धा काढून दाखवायच्या.

आणि सुतार आले. ठरल्यापेक्षा लवकर आले, हा या जगातला पहिलाच प्रसंग असावा. जिना आधी गेला. मग दिवाणखान्याची भिंत गेली. उरलं स्वयंपाकघर आणि शेवटचा शॉट. सुतारांचा मुकादम हातोडा मांडीवर घेऊन दाराशी बसला आणि म्हणाला, "तुमचं चालू द्या, बाई. आम्ही जेवून येतो, मग हे पाडतो." मुकादम बोलायला सौम्य होता, पण हातोडा काही सौम्य दिसत नव्हता.

जेवणाची वेळ होऊन गेली होती. पोटात कावळे ओरडत होते, पण सगळे थांबले. दिवे लागले. माईंच्या डोळ्यांवर इतका प्रकाश की त्यापलीकडे त्यांना काळोखाखेरीज काही दिसेना.

"डावा की उजवा?"

"डावा," बाई म्हणाल्या. दुसरं काय सांगावं ते त्यांना सुचलं नाही.

कॅमेरा सुरू झाला. माई रिकाम्या ओट्याशी स्टुलावर बसल्या. दाराकडे बघितलं. थेंब आला, गालाच्या मध्यावर येऊन थांबला, जिथे माईंचे थेंब नेहमी थांबायचे. झालं. बाईंना कळून चुकलं. हाच तो शॉट, आणि हा तर नेहमीचाच. आपल्याला येत नाही. कधी येतच नव्हतं. हातातल्या पेनावर त्यांनी अंगठा दाबला आणि म्हणाल्या, "कट."

कुणी हललं नाही. त्यांनी पुन्हा अंगठा दाबला. "कट." दादांचा डोळा कॅमेऱ्यालाच. ध्वनिवाला हेडफोन लावून पुतळा. तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की हातात पेन आहे, पेनाला भोंगा जोडलेला नाही, आणि आपण पोळ्या लाटताना बोलतो तशाच बोललोय.

ओरडावं म्हणून त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

तिकडे माई चेहरा धरून बसल्या होत्या. थेंब वाळला. 'कट' नाही. गालाला खाज आली असावी, कारण गाल एकदा उडाला. 'कट' नाही. धडाम तीनदा काय, तीसदा होऊन गेलं असतं. मग माईंच्या चेहऱ्यावरून रडणं हळूहळू उतरलं, आणि ते उतरल्यावर खाली एक दमलेली, गोंधळलेली म्हातारी बाई निघाली, जी पडद्यावर कुणी कधी बघितली नव्हती. तिने दिव्यांच्या पलीकडे बघायचा प्रयत्न केला. काही दिसलं नाही. मग तिची नजर ओट्यावर गेली. ओट्यावर कसलातरी डाग होता. तिने कोपऱ्यातलं फडकं घेतलं आणि डाग पुसला. मग शेजारचाही पुसला. मग सगळाच ओटा पुसला, नीट, कोपऱ्यापर्यंत. फडकं पिळलं, झटकलं आणि वाळत घातलं. जे घर अर्ध्या तासात पाडणार होते, त्या घरात.

बाईंनी घेतलेला श्वास तसाच आत राहिला. ओरडणं त्यांच्या घशात आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

माई पुन्हा स्टुलावर बसल्या. हात मांडीवर ठेवले. दाराकडे बघितलं. आणि अगदी साध्या आवाजात, जरा घाबरून, म्हणाल्या, "कुणी आहे का?"

दोन क्षण गेले. मग त्या उठल्या, कमरेवर हात ठेवले आणि त्यांचा नेहमीचा आवाज फुटला. "मेल्यांनो! मला न सांगता जेवायला गेलात की काय?"

दादांनी कॅमेरा बंद केला. मिशीवरून हात फिरवला. "बाई, 'कट' म्हणाला असतात तर जीव घेतला असता तुमचा," ते म्हणाले. बाईंनी हातातलं पेन पर्समध्ये टाकलं. मुकादम आत आला आणि पुसलेल्या ओट्यावर त्याने पहिला हातोडा मारला.

संकलनाच्या खोलीत संकलकाने शॉट लावला. त्याच्या कानाला सगळं ऐकू येतं. "इथे कुणीतरी काहीतरी पुटपुटतंय," तो म्हणाला. "दोनदा."

"ते पुसून टाक," बाई म्हणाल्या.

"आणि कापू कुठे? थेंबावर?"

इतकी वर्षं कुठे कापायचं हे बाईंना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी शॉट पुन्हा बघितला. पुन्हा एकदा. संकलक खुर्चीत चुळबुळ करायला लागला, मग चुळबुळही थांबली.

"'कुणी आहे का'पर्यंत राहू दे," बाई म्हणाल्या. "नंतर शिवी सुरू होण्याआधी काप."

साहेबांनी बघितलं आणि त्यांचा पारा चढला. "हे काय आहे? म्हातारी रडते, छान. तिथे तीनदा जवळ जायचं, गाणं टाकायचं, संपलं. ती ओटा कसला पुसते? पब्लिक काय भांडी घासायला येतं?"

"तो शॉट असाच राहील," बाई म्हणाल्या.

साहेबांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. या बाईच्या तोंडून 'नाही' हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी मालिकेची आठवण करून दिली. वरच्या खोलीत बसायला दुसरी माणसं मिळतात, हेही बोलून दाखवलं. बाईंचे हात गार पडले, स्वेटर नसल्यामुळे नव्हे. पण त्या म्हणाल्या, "मिळत असतील."

साहेब व्यापारी होते, त्यांनी सौदा काढला. ट्रायलच्या खेळाला चार माणसं बोलवू. शेवटी त्यातला एक जरी हसला, तर मी म्हणतो तिथे कापायचं. कबूल? बाई कबूल म्हणाल्या, आणि घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "मी बहुतेक नोकरी घालवलीय." नवऱ्याने विचारलं, "कुठे ठेवली होतीस?" बाईंना त्याही परिस्थितीत हसू आलं.

ट्रायलच्या छोट्या हॉलमध्ये साहेब, साहेबांच्या सौभाग्यवती, त्यांचे दोन मेहुणे, बाईंच्या सासूबाई आणि माई. माई मुळात यायलाच तयार नव्हत्या. "त्यात मी अभिनयच केलेला नाही," त्यांचा राग. "जन्मभर रडले त्याचं काही नाही, आणि बावळटासारखी बसले ते दाखवणार?" त्या सगळ्यात मागच्या खुर्चीत फुगून बसल्या.

सिनेमा सुरू झाला. मुलं गेली, सुना गेल्या, नातवंडं गेली. एक मेहुणा घोरायला लागला, त्याला बहिणीने कोपर मारलं. बाई दाराशी उभ्या. थेंब आला. थेंब वाळला. हॉलमध्ये कुणी खोकेना. म्हातारीने ओटा पुसला, फडकं वाळत घातलं, हात मांडीवर ठेवले, दाराकडे बघितलं.

"कुणी आहे का?"

"आहे ना!" साहेब खुर्चीतून अर्धे उठून म्हणाले. "आहे, आहे!"

मग त्यांच्या सौभाग्यवतींना हसू फुटलं. मग मेहुण्यांना. हसता हसता त्या डोळे टिपत होत्या, पण हसत होत्या हे नाकारता येणार नव्हतं. दिवे लागले. साहेब खिशात फोन शोधत होते, जणू ते फोनवरच कुणाशी बोलले होते. फोन हातातच होता.

"हसले," बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या. शब्द म्हणजे शब्द.

"ते माझ्यावर हसले," साहेब उखडले. "सिनेमावर कुठे हसले? ते धरायचं नाही." आणि नाक शिंकरत बाहेर गेले. जाताना सासूबाईंनी त्यांना थांबवून विचारलं, "गाडी आली का हो तिला न्यायला?" साहेब म्हणाले, "येईल हो, आजी. येईल." म्हणजे शॉट राहिला.

हॉल रिकामा झाला. सगळ्यात मागे माई तशाच बसून होत्या. बाई त्यांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"खरं सांग," माई म्हणाल्या. "मुद्दाम केलंस ना? मला उपाशी बसवून?"

इथे हो म्हटलं असतं तर बाई मोठ्या दिग्दर्शक ठरल्या असत्या. पण हा प्रश्न गेले कित्येक दिवस त्यांनाच खात होता. "नाही, माई. मी 'कट' म्हणाले होते. दोनदा. कुणाला ऐकूच गेलं नाही. तो शॉट माझा नाहीच."

माईंनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. "मग तिसऱ्यांदा ओरडली का नाहीस?"

"ओरडणार होते. श्वाससुद्धा घेतला होता. तेवढ्यात तुम्ही ओटा पुसायला घेतलात."

"घाण होता गं तो."

"हो. मला दिसला. मग तुम्ही फडकं पिळलंत, आणि मला ओरडवेना."

माईंच्या चेहऱ्यावर काहीही धरलेलं नव्हतं.

"म्हणजे तू बघत होतीस," त्या म्हणाल्या.

"सगळा वेळ."

"मग झालं तर." माईंनी बाईंच्या हातावर हात ठेवला. "मला वाटलं होतं, तिथे कुणीच नाही."